फळीतल्या माणसाची पारख

कबड्डीच्या सामन्याची बातमी वर्तमानपत्रांत कशी लिहिली जाते, हे वाचकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. अमुकच्या चौफेर चढाया आणि त्यांना तमुकच्या पकडींची मिळालेली मोलाची साथ, ह्यांच्या जोरावर एखादा संघ जिंकतो. गेली कित्येक वर्षे आम्ही हे वाक्य वाचत आलो आहोत. संघ बदलतात, नावे बदलतात, गुणसंख्या बदलते. पण चढाई करणाऱ्याच्या वाट्याला 'जोर' यावा आणि पकड करणाऱ्याच्या वाट्याला 'साथ', ही वाटणी काही बदलत नाही. जो खेळ सातजणांच्या बचावफळीवर उभा आहे, त्यात त्या फळीतला माणूस सदैव साथीदारच का ठरतो, आणि अशा माणसाची पारख आजवर कोणी, कशी केली, ह्याचा थोडा मागोवा घ्यावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आम्हांला सुचला तो ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मैदानांवर. ह्या पट्ट्यात हिवाळा सुरू झाला की प्रकाशझोतातील सामन्यांचा हंगाम सुरू होतो. ठाण्यात चरईच्या मावळी मंडळासारख्या जुन्या संस्था राज्यस्तरीय स्पर्धा भरवत आल्या आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावठाणांत तर जत्रेइतक्याच उत्साहाने कबड्डीचे सामने होतात. अशाच एका सामन्याला आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. तरुणपणी ते स्वतः उजवा कोपरा खेळलेले. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आला की सारे प्रेक्षक त्याच्याकडे पाहत. हे गृहस्थ मात्र खाली, कोपऱ्यातल्या गड्याच्या पायांकडे पाहत होते. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "टाच टेकली की समजायचं, पोरगा आता पकड करणार नाही. चवड्यावर उभा असेल तोवर चढाईवाला घाबरतो." त्या सामन्यात त्या कोपऱ्याच्या नावावर फार तर दोन पकडी लागल्या असतील. पण त्याच्या बाजूने जाण्याचे चढाईपटू टाळत होते, ही गोष्ट सांगितल्यावर आमच्या ध्यानात आली. गुणफलकावर तिची नोंद कोठेच नव्हती.

ज्यांचा ह्या खेळाशी नित्याचा संबंध नाही, त्यांच्यासाठी फळीची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्यांतला दोन्ही कडांचा एकेक मीटर राखीव, झटापट सुरू झाल्याखेरीज तेथे पाय टाकायचा नाही. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा. दोन टोकांना दोन कोपरे, मधोमध मध्यरक्षक, आणि ह्यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन गडी. कोपऱ्याचे काम घोटा किंवा मांडी धरण्याचे. आतल्या गड्यांचे काम अंगावर धडक देण्याचे, वाट अडवण्याचे, मागून कवळ घालण्याचे. कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी बहुधा हाताची साखळी करून सरकतात. घोटा एकाने धरला, तरी चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो तेव्हा त्याला पाडणारे आणखी दोघे-तिघे असतात. त्यांतला कोणी अर्ध्या क्षणाने उशिरा आला, तर त्या घोटा धरणाऱ्याच्या धाडसाचा अर्थ उलटा होतो. तोच बाद होतो आणि मूर्ख ठरतो. म्हणजे पकड ही एकट्याची कृती नव्हे. तरीही ती नोंदवली जाते एकाच्या नावावर.

येथे इतिहासाकडे वळावयास हवे. कारण पकडीचे मोल हे खेळाडूच्या मनगटात जितके असते तितकेच नियमांतही असते. आपल्याकडे हुतूतू ज्या अनेक रूपांत खेळला जाई, त्यांत तीन रूपे मुख्य मानली जातात. गामिनीत बाद झालेला गडी सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे. गुण तेवढा लिहून घेतला जाई. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी परत येई. वरवर पाहता हे तपशिलाचे फरक आहेत. परंतु फळीतल्या माणसाच्या दृष्टीने हे तीन वेगळे खेळ होत. गामिनीत चुकीच्या पकडीची किंमत भयंकर. तेथे सावध, अंग राखून खेळणारा गडी मोठा. अमरात पकड आणि स्पर्श ह्यांचे मोल सारखेच, आणि चुकीला जबर शिक्षा नाही. तेथे धाडसी गड्याची चैन. संजीवनीत मात्र एका पकडीने तीन गोष्टी साधतात: एक गुण मिळतो, प्रतिपक्षाचा हल्लेखोर बाहेर जातो आणि आपला एक बसलेला गडी उठून उभा राहतो. पुढे जो खेळ अखिल भारतीय झाला तो मुख्यतः ह्या संजीवनीच्या वळणाचा. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली भरवलेली स्पर्धा, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी केलेले प्रात्यक्षिक, १९५० साली स्थापन झालेला अखिल भारतीय महासंघ, १९५२ ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, असे ह्या वाटचालीचे टप्पे सर्वज्ञात आहेत. त्यांत महाराष्ट्राचा आणि शंकरराव तथा बुवा साळवी ह्यांच्यासारख्या संघटकांचा वाटा किती मोठा, हेही निराळे सांगावयास नको. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळला जातो तो उगीच नव्हे. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की संजीवनी स्वीकारताना खेळाने पकडीला, निदान कागदावर, चढाईच्या बरोबरीचे स्थान दिले होते.

कागदावर दिलेले हे स्थान व्यवहारात मिळाले का, हे पाहण्यासाठी खेळाडूंची निवड करणारे कोण होते ते पाहिले पाहिजे. व्यावसायिक लीग येण्यापूर्वी ठाणे-कल्याणच्या मुलासाठी निवडीची शिडी ठरलेली होती. मंडळ, मंडळातून जिल्हा निवड चाचणी, जिल्ह्यातून राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि त्यातून राज्याचा संघ. ही झाली मानाची शिडी. तिच्या शेजारी दुसरी एक शिडी होती, आणि घरच्यांच्या लेखी तीच खरी: नोकरीची. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, पोलीस, बंदर, बँका, तेल कंपन्या आणि मोठे कारखाने कबड्डीचे संघ बाळगीत. मध्य रेल्वे, महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक ही नावे व्यावसायिक गटाच्या बातम्यांतून वर्षानुवर्षे वाचायला मिळत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या औद्योगिक स्पर्धा ह्याच जगाच्या. अशा संघात 'लागणे' म्हणजे कायमची नोकरी, दुपारनंतर सरावाची सवलत आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती. कल्याणहून सकाळची गाडी पकडून लोअर परळला किंवा भायखळ्याला उतरणाऱ्या कित्येकांच्या संसाराचा पाया अशा रीतीने मांडी आणि घोटा धरण्याच्या कौशल्यावर रचला गेला.

ह्या व्यवस्थेत पारख करणारा माणूस बहुधा स्वतः खेळलेला असे. तो एखाद्या मुलाला एका सामन्यात पाहून निवडीत नसे. दोन-तीन हंगाम, निरनिराळ्या मैदानांवर, जिंकताना आणि हरताना पाहत असे. मुख्य म्हणजे तो मुलगा कोणाच्या शेजारी उभा राहतो, हेही त्याला माहीत असे. मंडळाचा संघ वर्षानुवर्षे तोच राहत असल्याने कोपरा आणि त्याचा जोडीदार ह्यांची जोडी जमलेली असे. कंपन्यांनी कधी कधी अशा जोड्याच उचलल्या, असे जुने लोक सांगतात, आणि त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. कोपऱ्याला त्याच्या जोडीदारापासून तोडणे म्हणजे कात्रीचे एकच पाते विकत घेण्यासारखे आहे.

परंतु गतकाळाचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. ह्या व्यवस्थेचे दोष तिच्या गुणांइतकेच ठळक होते. पारखणारा ओळखीतला असे, म्हणूनच ज्याची ओळख नाही तो दिसतच नसे. शहापूर-मुरबाडकडच्या मुलाने कितीही चांगला कोपरा खेळावा, त्याचे मंडळ शहरातल्या स्पर्धांत उतरले नाही, तर तो कोणाच्या नजरेस पडणार? मंडळांची आपसांतली तेढ, निवड समितीतले हितसंबंध, आपल्या माणसाला पुढे ढकलण्याची वृत्ती, ह्यांबद्दल मैदानाच्या कडेला बसणारा कोणीही जाणकार वाचकांना तासभर सांगू शकेल. चढाईपटूला ह्या अन्यायाविरुद्ध निदान एक हत्यार असे: त्याचे गुण सर्वांदेखत लागत. त्याला डावलणे अवघड होते. पकड करणाऱ्याला डावलणे मात्र फार सोपे. कारण त्याची बाजू मांडायला आकडाच नसे. 'तो नुसता उभा असतो,' असे म्हटले की काम भागे.

ही नोकऱ्यांची शिडीही हळूहळू मोडत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे संघही. पुढे कारखान्यांच्या जागी निवासी संकुले आली. कंत्राटी भरती वाढली. देना बँक तर २०१९ साली दुसऱ्या बँकेत विलीनच झाली. रेल्वे, पोलीस, काही सार्वजनिक उपक्रम ह्यांनी खेळाडूंची भरती चालू ठेवली, पण वाट अरुंद झाली. आणि ह्याच अरुंद झालेल्या वाटेच्या शेजारून २०१४ साली एक नवा, झगमगीत रस्ता उघडला.

प्रो कबड्डी लीगचा पहिला लिलाव मे २०१४ मध्ये मुंबईत झाला आणि पहिला सामना २६ जुलै रोजी. योगायोग असा की त्यानंतर सहाच दिवसांनी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, जुन्या ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. एकाच आठवड्यात ह्या भागातल्या मुलाच्या जिल्ह्याची सीमा बदलली आणि त्याच्या खेळाची किंमत ठरवण्याची रीतही. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली रेल्वेच्या राकेशकुमारवर लागली: १२ लाख ८० हजार रुपये. आम्हांला आठवते, त्या आकड्याची मैदानांवर महिनाभर चर्चा होती.

पुढच्या चार वर्षांत जे घडले ते आमच्या प्रारंभीच्या तक्रारीला काहीसे छेद देणारे आहे, आणि म्हणून ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. २०१६ च्या लिलावात सर्वाधिक किंमत मिळाली ती उजवा कोपरा खेळणाऱ्या मोहित छिल्लरला, ५३ लाख. मे २०१८ मध्ये लिलावात एक कोटीचा आकडा प्रथम गाठला तो कोणा चढाईपटूने नव्हे, तर इराणच्या फझल अत्राचलीने. हाही कोपराच, डावा. त्याच लिलावात पुढे मोनू गोयतने १ कोटी ५१ लाखांची मजल मारली, आणि राहुल चौधरी, दीपक हुडा, रिशांक देवाडिगा हे चढाईसाठी नावाजलेले खेळाडूही कोटीपार गेले हे खरे; पण वर्तमानपत्रांनी ज्याला साथीदार ठरवले होते, त्याला पैसेवाल्यांनी जोडीदार मानले, हे नाकारता येणार नाही. २०२३ साली डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या महंमदरझा शादलूसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले, आणि तो हंगाम संपला तेव्हा, मार्च २०२४ मध्ये, विजेतेपदही पुण्याकडेच आले.

२०१८ च्या त्या लिलावानंतर तीनच महिन्यांनी जकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. १९९० पासून २०१४ पर्यंत सातही वेळा भारताच्या पुरुषांनी सुवर्णपदक मिळवले होते. ह्या वेळच्या संघात मोनू गोयत, राहुल चौधरी, दीपक हुडा आणि रिशांक देवाडिगा असे चार कोटीपार खेळाडू होते. शिवाय परदीप नरवाल आणि अजय ठाकूर. उपांत्य सामन्यात इराणने ह्या संघाला २७-१८ असे हरवले. सबंध चाळीस मिनिटांत अठरा गुण! इतक्या बलाढ्य चढाईपटूंना अठरावर थोपवले ते कोणा एकाने नव्हे, एका फळीने. अत्राचली त्या फळीत होता. पण त्याच्या शेजारी उभे असलेले जे होते, त्यांच्याबरोबर तो आपल्या देशाच्या संघात वर्षानुवर्षे खेळलेला होता, ही गोष्ट आम्हांला त्याच्या एक कोटीइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडेही त्या संघात चांगले पकडपटू होते. त्यांतला एक आपल्या कल्याणचा, डावा कोपरा गिरीश इर्नाक. पुणेरी पलटणकडून त्याने जे नाव कमावले ते घोट्यावरच्या पकडीने. पण निरनिराळ्या राज्यांतून, निरनिराळ्या फ्रँचायझींतून एकत्र आणलेले सात उत्तम गडी म्हणजे उत्तम फळी नव्हे, हा धडा त्या दिवशी साऱ्या देशाला मिळाला.

आता आकड्यांकडे वळू. लीगने कबड्डीला नोंदवही दिली, हे तिचे मोठे ऋण आहे. पकडीचे गुण, यशस्वी पकडींचे प्रमाण, एका सामन्यात पाच पकडगुण मिळवले की त्याला निराळे नाव, तीन किंवा कमी गडी उरलेले असताना केलेल्या पकडीला एक अधिक गुण. अशा तरतुदींनी फळीतला माणूस प्रथमच मोजला गेला. तथापि मोजणीतही एक उतरंड आहेच. परदीप नरवालने २०१७ च्या एका हंगामात ३६९ चढाईगुण मिळवले; पकडीत एका हंगामात शंभर गुण गाठणारा पहिला खेळाडू नितेशकुमार, २०१८ साली. परदीपची कारकीर्द १८०० हून अधिक चढाईगुणांची. अत्राचलीने पाचशे पकडगुण ओलांडले हाच विक्रम ठरला. एका चढाईत तीन-चार गडी टिपता येतात. एका पकडीने, सातजण तुटून पडले तरी, सामान्यतः एकच गुण मिळतो. दोन वेगळ्या मापांचे हे आकडे शेजारीशेजारी छापले की वाचणाऱ्याच्या मनात नकळत जुनीच वाटणी पक्की होते: जोर आणि साथ.

ह्याहून खोल अडचण निराळीच आहे. पकडपटूचे सर्वांत मोठे काम म्हणजे जे घडत नाही ते. चढाईपटू येतो, निदानरेषा ओलांडतो, कोपऱ्याकडे एकदा पाहतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. ही रिकामी चढाई कोणाच्या खात्यावर जमा करायची? लीगच्या नियमाप्रमाणे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे भाग पडते. नाहीतर चढाईपटूच बाद. त्या तिसऱ्या चढाईत जो पकड करतो त्याचे नाव फलकावर झळकते. पण आधीच्या दोन चढाया ज्याच्या धाकाने वाया गेल्या, त्याच्या नावापुढे शून्यच. उलट, उतावळेपणाने दहादा झेप घेऊन चारदा यशस्वी होणारा गडी आकड्यांत 'कर्ता' दिसतो. त्याच्या सहा चुकांनी प्रतिपक्षाचे सहा गडी उठून उभे राहिले, हे पाहण्याची तसदी किती जण घेतात?

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याचे रक्षण करणारी पाचजणांची एक फळी असते. ह्या पाचांना सहसा चेंडूला हात लावायचा नसतो. त्यांनी काम चोख केले तर काहीच घडत नाही, आणि चुकले तरच त्यांचे नाव प्रेक्षकांना कळते. महाविद्यालयांतून खेळाडू निवडण्याची तेथील व्यावसायिक संघांची रीत १९३६ पासून चालू आहे. फळीतल्या माणसाला पारखायचे कसे, ह्या पेचातून सुटण्यासाठी त्यांनी मोजपट्टी काढली: उंची, वजन, हाताची लांबी, चाळीस यार्ड धावायला लागणारा वेळ, सव्वादोनशे पौंडांचे वजन किती वेळा उचलले. १९८० च्या दशकापासून ह्या मोजमापाचा एक मोठा वार्षिक सोहळाच होऊन बसला आहे. गंमत अशी की फळीतला माणूस सामन्यात सलग चाळीस यार्ड धावण्याचा प्रसंग विरळाच. १९८९ साली टोनी मँडरिच नावाच्या धिप्पाड तरुणाची निवड ह्या मोजमापांच्या बळावर दुसऱ्या क्रमांकाने झाली. त्याच्या आगेमागे निवडलेले चौघे पुढे त्या खेळातले थोर खेळाडू ठरले, हा मात्र निवडणाऱ्यांच्या अपयशाचे प्रतीक झाला. महाविद्यालयात असताना आपण उत्तेजके घेत होतो, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. ह्या मोजपट्टीने स्नायू अचूक मोजले होते. माणूस मात्र तिच्यातून निसटला.

कबड्डीत ह्या मोहाला एक नैसर्गिक बांध आहे. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोंच्या वर वजन चालत नाही. तिकडच्या फळीतला माणूस तीनशे पौंडांच्या, म्हणजे सुमारे १३६ किलोंच्या, पलीकडे फुगत गेला. आपल्या कोपऱ्याला तसे करता येत नाही. त्याला उरते ते वेळेचे भान, पायांची ठेवण आणि शेजाऱ्यावरचा विश्वास. ह्या तिन्ही गोष्टी मोजपट्टीत मावत नाहीत, आणि ह्या तिन्ही गोष्टी एका दिवसाच्या निवड चाचणीत दिसत नाहीत. आमच्या मते आजच्या पारखीतला खरा दोष येथे आहे.

निवड चाचणी म्हणजे काय असते? शंभर-दोनशे मुले येतात. त्यांचे वजन-उंची घेतात, धावायला-उड्या मारायला लावतात, मग एकमेकांना अनोळखी अशा सातसात जणांचे संघ पाडून खेळवतात. चढाईपटू एकटाच जातो आणि एकटाच येतो. त्याला आपले सारे भांडवल तीस सेकंदांत मांडता येते. कोपऱ्याचे काय? त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे नावही त्याला ठाऊक नसते. त्याने घोटा धरला आणि तो अनोळखी शेजारी अर्धा क्षण थबकला, तर चाचणी घेणाऱ्याच्या वहीत 'पकड सुटली' अशी नोंद होते. त्याने शहाणपणाने पकड केलीच नाही, तर नोंदच होत नाही. चाचणीचा हा साचा मुळातच चढाईपटूच्या मापाने बेतलेला आहे. २०१७ पासून लीगने नव्या, तरुण खेळाडूंसाठी देशभर चाचण्या घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे ओळखपाळख नसलेल्या मुलालाही दार उघडले, हे आम्ही मनापासून मान्य करतो. जुन्या व्यवस्थेत मुरबाडच्या ज्या मुलाला कोणी पाहिलेच नसते, त्याला आज निदान पाहिले तरी जाते. पण पाहणारा त्याला पाहतो ते त्याच्या जोडीदाराशिवाय.

आणि ह्यात पणाला लागते ते काय, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जुनी नोकरी तीस वर्षांची होती. लिलावाची बोली एका हंगामाची असते. २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये होती. कल्याण-डोंबिवलीच्या चाळीतल्या किंवा गावठाणातल्या घराला ही रक्कम लहान नव्हे. पण ती मिळण्यासाठी मुलगा शिक्षणाची किंवा कामधंद्याची तीन-चार वर्षे ह्या खेळावर लावतो. चढाईपटू लवकर चमकतो. त्याचा वेग विशीच्या आतच दिसू लागतो. कोपरा मात्र चढाईपटूंच्या फसव्या हालचाली शेकडो वेळा फसून शिकतो, म्हणून त्याला पिकायला वेळ लागतो. ज्या व्यवस्थेला तीस सेकंदांत निर्णय हवा आहे, ती त्याच्यासाठी थांबणार नाही. मग मंडळांतल्या मुलांनी कोपरा खेळायचाच कशाला? आज कित्येक मैदानांवर प्रत्येक मुलाला चढाईच करायची असते, अशी तक्रार प्रशिक्षकांकडून आम्ही ऐकतो. त्यात मुलांचा दोष आम्हांला दिसत नाही. त्यांनी हिशेब बरोबर केला आहे. हिशेबाची वहीच चुकीची आहे.

ती दुरुस्त करणे फारसे अवघडही नाही. चाचणीला येणाऱ्या पकडपटूला आपला जोडीदार बरोबर आणू द्यावा आणि दोघांना शेजारीशेजारी उभे करून पाहावे. जिल्हा स्पर्धेत गुणलेखकाच्या शेजारी आणखी एकाला बसवून, रिकामी गेलेली चढाई कोणत्या बाजूने परतली एवढेच टिपून घ्यावे. त्याला यंत्र लागत नाही, वही पुरते. आणि निवड करण्यापूर्वी त्या मुलाच्या मंडळात जाऊन, त्याच्या शेजारी जो खेळतो त्याला एक प्रश्न विचारावा: हा बाजूला असताना तुला झेप घ्यायची भीती वाटते का? इतकी वर्षे फळीतल्या माणसाची पारख प्रेक्षकांनी, निवड समितीने, साहेबाने आणि लिलावातल्या धनिकाने केली. ज्याचा घोटा आणि ज्याची इज्जत त्याच्या भरवशावर असते, त्या शेजाऱ्याचे मत मात्र अजून कोणी घेतलेले नाही.